मदत हवी आहे: 'बेगम' हा किताब आपल्याकडं घरोघर कसा आला?

नमस्कार मंडळी, शाळेतल्या पोरांना घेऊन बीबी का मकबरा बघायला जायचंय, त्याची तयारी करतेय. तिथं दिलरस बानू बेगमची कबर आहे, औरंगजेबाची बायको, १६५७ ला वारली. मेल्यावर तिला राबिया-उद-दौरानी हा किताब दिला, म्हणजे आपल्या काळातली राबिया, बसऱ्याच्या त्या सूफी संत बाईवरून. किती सुंदर मान आहे ना हा!

बेगम हा तुर्की शब्द, बेग म्हणजे सरदार त्याचं स्त्रीरूप, तसंच खानचं खानम, एवढं पक्कं माहितीय. पण शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरला बघा, आईच्या रकान्यात साध्या मजुरी करणाऱ्या घरातल्या बायांचं नाव पण अमुक बेगम, तमुक बी असंच असतंय. मग राजघराण्याचा हा मान सगळ्यांपर्यंत कधी उतरला, निजामाच्या राज्यात का त्याच्या आधीच? आणि नावामागचं बी हे बीबीचंच छोटं रूप का?

कुणाच्या घरी आजी-पणजीचा जुना निकाहनामा, सनद किंवा १९४८ च्या आधीचा उर्दू कागद असेल तर त्यात बाईचं नाव कसं लिहिलंय तेवढं प्लीज सांगा, फोटो टाकला तर फारच बरं. उर्दू वाचणारे कुणी असतील तर त्यांना टॅग करा.