आमसुलांना पांढरं आलंय, टाकू का? (आणि अजून पाटीभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतायत)

गॅलरीतलंखळं:
नमस्कार मंडळी, आमचं गाव राजापूरकडे पण राहते ठाण्यात. सासूबाई होत्या तोवर आगोटीचं (पावसाळ्याआधीच्या साठवणीचं) सगळं त्याच करायच्या, आता दोन वर्षं मे मध्ये जाऊन मी करते. पोह्याचे पापड जमले, सांडगी मिरची जमली, फणसाची साठं पण बरी झाली, एकट्या आमसुलांनी घात केला. रातांबे फोडले, साली उन्हात टाकल्या, बिया आणि गर मिठात ठेवून त्या रसाची पुटं द्यायला (साली रसात बुडवून पुन्हा वाळवायला) घेतली, तिसरं पूट झालं आणि आभाळ भरून आलं. दुसऱ्या दिवशीची गाडी, मग तशीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणली. आज डबा उघडला तर वर पांढरं पांढरं. धुवून वापरू का टाकू? त्यात दीर उद्या गावच्या माणसासोबत अजून पाटीभर रातांबे पाठवतायत, इथे ना ऊन ना खळं, गॅलरीत कबुतरं.

घावनेआणिचटणी:
आधी पांढरं म्हणजे काय ते बघ. बोटाने चोळून कणकण लागली तर मीठ फुटलंय, काही होत नाही. कापसासारखं लवदार असेल, मधे हिरवट करडं दिसत असेल किंवा कुबट वास येत असेल तर बुरशी. मग धुवूनबिवून काही नाही, सरळ टाक, जीव तुटला तरी.

गॅलरीतलंखळं:
लव आहे 😞 तळाची तर एकमेकांना चिकटून गोळाच झालाय. गेली म्हणायची.

तळकोकणी_आजोबा:
अगो बाय, तीन पुटांत सोलां (आमसुलं) होणत नाय. आमच्याकडे (आम्ही रातांब्याक भिरंड म्हणतो) पाच तरी देतात, काही घरांत सात. सकाळी रसात बुडवायची, दिवसभर वाळवायची, संध्याकाळी आत घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटचं पूट झाल्यावर चांगली दोन उन्हं द्यायची आणि मग मूठभर घेऊन दाबायची, मूठ उघडल्यावर सुटी झाली तर भरायची, लाडू राहिला तर अजून ओली आहेत. आणि ओल्या मालाला प्लास्टिकची पिशवी म्हणजे बुरशीला आमंत्रणच. पण तुझी एकटीची चूक नाही हो, २०२५ ला तर २५ मे लाच मान्सून कोकणात उतरला होता, तेव्हा आमचीही निम्मी सोलां पडवीत दोरीवरच्या कपड्यांसारखी ओलीची ओली बसली होती.

लोखंडीतवा:
ओव्हनला ६० डिग्रीवर ठेवा ना, होतात की.

तळकोकणी_आजोबा:
होत असतील. पाटीभर साली, पाच पुटं, वीजबिल कोण भरणार? 😄

माजघर:
उद्याच्या पाटीची आमसुलं करूच नकोस, आगळ (मिठात सुटलेला सालींचा रस) कर. ऊनच लागत नाही त्याला. रातांबे धुवून नीट पुसून कोरडे कर, फोडून बिया काढ, साली काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या बरणीत एक थर साली एक थर जाडं मीठ अशा भर. मी किलोभर सालीला १५० ते २०० ग्रॅम मीठ घालते, यात कंजुषी केलीस तर आंबून फेस येतो. तोंडाला फडकं बांध आणि आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्याने खालीवर कर. चौथ्या पाचव्या दिवशी साली गळून जातात आणि रस असा लालभडक सुटतो की ओट्यावर थेंब सांडला तर डाग पुसता पुसत नाही. मग गाळून बाटलीत. अ‍ॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं अजिबात नको, आंबटाने कळकतं. सोलकढीला नारळाच्या दुधात दोन चमचे पुरे, मीठ मात्र चाखूनच घाल, आगळात असतंच. माझ्या जावेने सवयीने वरून चमचाभर टाकलं आणि पंगतीत सगळे नुसते एकमेकांकडे बघत बसले.

लोखंडीतवा:
साखर घालून पण करतात ना?

माजघर:
ते अमृत कोकम, सरबताचं. वेगळी बरणी. सोलकढीत घातलंस तर घरातून हाकलतील.

गॅलरीतलंखळं:
हे जमेल असं वाटतंय! बरणी सासूबाईंचीच आहे, लोणच्याची, वास गेलेला नाही पण, चालेल का? आणि बिया? गावाला तर सगळ्या माडाच्या मुळात ओतून आले.

माजघर:
लोणच्याची नको, तेलाचा वास आगळाला लागतो.

तळकोकणी_आजोबा:
बिया ओतल्यास?? अगो त्यांचा मुठेल (कोकमाचं घट्ट तेल) करतात! वाळवून फोडायच्या, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तेल येतं ते गार झालं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून गोळे वळायचे. लावणीत चिखलात उभं राहून टाचा फुटतात त्यावर रात्री निखाऱ्यावर गोळा जरा वितळवून लावायचा. आमच्या आईचा गोळा चुलीमागच्या कोनाड्यात असायचा, काळाकुट्ट झालेला. उद्याच्या पाटीतल्या तरी धुवून गॅलरीत वाळत घाल, त्यांना कबुतरं काय करत नाहीत.

गॅलरीतलंखळं:
घालते. दिरांना आत्ताच फोन केला, म्हणाले एक नाही दोन पाट्या निघाल्यात 🙈