नाला खोल केला, पाणी मोजलं. काठ कोण मोजणार?

करंजकाठ:
ओढ्यावर सरकारी काम झालं की दोनच आकडे फलकावर येतात: किती टीसीएम (हजार घनमीटर) साठा झाला आणि किती घनमीटर गाळ निघाला. प्रदूषण पाहायचं असेल तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन. तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की तो पट्टा प्रदूषित. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात असे ३११ नदीपट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. पण गावओढ्याचे नमुने घ्यायला तिथे कुणी येत नाही. आणि काठ तर कुणीच मोजत नाही.

काठ म्हणजे करंज, उंबर, वाळुंज, निर्गुडी, लव्हाळ्याचा तो अरुंद पट्टा. त्याची मुळं माती धरतात. पूर आला की पाण्याचा वेग तिथे मोडतो आणि गाळ काठावरच बसतो. जेसीबीने पात्र खोल आणि सरळ केलं की पुराचं पाणी काठावर पसरतच नाही, खालून सुसाट निघून जातं. काठ वर कोरडा लटकतो. जुना करंज तग धरतो, पण नवं रोप उन्हाळ्यात जळतं. म्हणून मी झाडांची संख्या नाही, वयं बघतो. रोपं, तरणी झाडं, म्हातारी झाडं, तिन्ही आहेत का? फक्त म्हातारी उरली असतील तर तो काठ हिरवा दिसत असूनही संपत चाललेला आहे.

माझं म्हणणं असं: खोलीकरणाची मंजुरी देण्याआधी ग्रामपंचायतीने १०० मीटरचा एक तुकडा ठरवावा. उघडी माती किती, मुळं बाहेर आलीत का, बेशरम, घाणेरी, सुबाभूळ किती पसरलीय, पाण्यातला दगड उलटला तर खाली मेफ्लाय या चांगल्या पाण्यातल्या किड्याची पिल्लं दिसतात की चिखलात नुसत्या घाण पाण्यात तगणाऱ्या लाल अळ्या, हे लिहावं. ठरलेल्या जागेवरून फोटो घ्यावा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तेच पुन्हा. अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्यात १९९० च्या दशकापासून अशी पाहणी होते. हा ओढा मोठा पूर सोसेल का, एवढाच प्रश्न आणि उत्तरं तीन: ठीक, धोक्यात, मोडलेला. ते आपल्या माणसांनाही सहज जमेल.

कोरडवाहू:
साहेब, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. त्या दिवसांत करंजाची रोपं मोजायला कुणी आलं असतं तर गावाने काय उत्तर दिलं असतं? आमच्या शिवारातला नाला खोल झाला आणि दिवाळीलाच तळ गाठणारी विहीर संक्रांतीच्या पुढे टिकली. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. तुमचा काठ म्हणजे आमचा बांध. सातबारा थेट नाल्यापर्यंत आहे. उद्या काठासाठी पाच मीटरचा पट्टा सोडा म्हणालात तर सोयाबीनच्या किती ओळी जातात, तेही मोजा की.

करंजकाठ:
विहीर टिकली याचा आनंदच आहे. पण जलयुक्त शिवारवर ९,६३३ कोटी खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा फरक पडला नाही, असं कॅगने २०२० मध्ये नोंदवलं. तुमच्याकडे चाललं, शेजारच्या तालुक्यात का नाही, हे सांगायला आधीची नोंदच नाही. नोंद मागणं म्हणजे पाणी नाकारणं नव्हे.

पाणकिडा:
मूळ मुद्द्याशी सहमत, पद्धतीशी अजिबात नाही. "ठीक, धोक्यात, मोडलेला" हे दोन माणसं दोन प्रकारे ठरवतील. स्पेनमध्ये १९९८ साली काठाची तब्येत मोजणारा क्यूबीआर नावाचा निर्देशांक निघाला: झाडीचं आच्छादन, थर, प्रजाती आणि पात्रातली ढवळाढवळ, प्रत्येकी २५ गुण, एकूण १००. तोही इथे जसाच्या तसा लावला तर फसगत होते. दख्खनच्या पठारावरचे कितीतरी ओढे निरोगी असूनही जानेवारीत आटतात. कास पठाराच्या उतारावरचा ओढा आणि बीडच्या माळावरचा ओढा एकाच मापाने मोजता येणार नाहीत. आधी त्याच भागातला धडधाकट तुकडा शोधा. देवराईतून वाहणारा ओढा असेल तर तोच आपला मापदंड. तुलना त्याच्याशी करा.

आणि केवळ नजरेवर विसंबू नका. दोन्ही काठांवर खुंट्या ठोका, दोरी ताणा, दर अर्ध्या मीटरवर दोरीपासून तळापर्यंतचं अंतर लिहा. पात्र खचतंय की भरतंय, हे दोन-तीन पावसाळ्यांत कागदावर उमटतं. खर्च जवळजवळ शून्य. फोटोवरून वाद घालता येतो, दोरीशी घालता येत नाही.

मोजपट्टी:
मी नळकांडी पूल बांधतो. पात्रात वाढलेली झाडी पुरात कचरा अडवते, पाइप तुंबतात, पाणी रस्त्यावरून जातं आणि दोष बांधकामाला लागतो. साफ, सरळ पात्राचा मॅनिंग गुणांक (पात्र पाण्याला किती अडवतं त्याचं माप) ०.०३ च्या आसपास, दाट झाडीचा ०.१० पर्यंत. म्हणजे तेवढ्याच पुराला पातळी बरीच वर चढते. पावसाळ्यापूर्वी सफाई लागतेच.

पाणकिडा:
पुलाच्या वर-खाली सफाई हवीच, त्यात वाद नाही. पण तोच नियम अख्ख्या ओढ्याला लावला की वरच्या गावातलं पाणी कमी वेळात खालच्या गावात पोचतं आणि तुमच्याच पुढच्या पुलावर आदळतं.

मेंढरांमागं:
आमी धनगर. कुटं बी काठ उघडा दिसला की कागदावर एकच लिवत्यात, चराई. पाऊस सरला की आमचा वाडा, म्हंजी मेंढरं आन बिऱ्हाड, कोकणात उतरतो, पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतो. मधले महिने त्या वढ्यावर कोण असतं? जेसीबी, वाळूचं ट्रॅक्टर, पाणी उपसायच्या मोटारी, आन बांध फोडून दोन सऱ्या वाढवणारा. मोजा, जरूर मोजा. पर काठ कशानं उघडा झाला ते बी लिवा, आन लिवताना आमाला बी बसवा. न्हाईतर ह्या पाहणीतनं चराईबंदीच निघंल.

करंजकाठ:
दादा, कारणाचा रकाना हवाच, आणि तो तुमच्याशिवाय भरू नये. जनावरांच्या खुरांनी काठ ढासळतो हे खरं आहे, पण ते मुख्यतः पाणवठ्याच्या ठरावीक उतारावर. शंभर मीटरचा काठ एकजात कापलेला असेल तर ते बहुधा यंत्राचं काम.

कोरडवाहू:
पट्टा सोडायला मी आजही तयार नाही. भरपाई ठरवा, मग बोलू. मात्र माझ्या बांधाखालचे १०० मीटर मोजायला घ्या. अट एकच: विहिरीची पातळी त्याच दिवशी, त्याच कागदावर लिहायची.