जुन्या बोटीचा सेल्फ (स्टार्टर मोटर) दोन सीझनमध्ये तिसऱ्यांदा गेला, नेमकं कुठे बघू?

रेवदंडा_खाडी
नमस्कार मंडळी, खूप वैतागून लिहितोय. माझी २० फुटी पेट्रोल बोट आहे, १९९७ ची, चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आत ४.३ लिटरचं व्ही-६ कार्बोरेटरवालं इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर असलेला पंख्याचा गिअर. रेवदंड्याला खाडीत असते, पावसाळ्यात वर काढून ताडपत्रीखाली. पहिला सेल्फ रिवाइंड करून आणला तो दोन महिने चालला, मग नवीन घेतला तो एक सीझन, त्यानंतर परत नवीन आणि आता तो पण गेला. दरवेळी सुरुवात तशीच, थंड असताना जड जड फिरतो, इंजिन तापलं की नुसतं टक्, आणि कधी कधी टक् पण नाही, चावी फिरवली की एकदम शांत, मग गिअरचा दांडा जरा पुढेमागे हलवला की लागतो. बॅटरी सहा महिन्यांची आहे, मीटरवर १२.६ दाखवते.

गेल्या रविवारी भावाची मुलं सोबत होती. कोर्लईच्या बाजूला इंजिन बंद करून गळ टाकून बसलो होतो आणि निघायच्या वेळी टक्. ओहोटी लागलेली, बोट खाडीच्या तोंडाकडे सरकायला लागली, लगेच अँकर टाकला म्हणून थांबलो, मग एका होडीवाल्याने दोर टाकून धक्क्याला आणून सोडलं. त्या नाखवाने डिझेलचे पैसे पण घेतले नाहीत. मुलांना लाइफ जॅकेट होती, तरी तो अर्धा तास मी विसरणार नाही.

आता मेकॅनिक म्हणतोय चौथा घेण्यापेक्षा दारूखान्यातून (मुंबईतला भंगार बाजार) त्याच मापाचा गाडीचा सेल्फ आणू, अर्ध्या किमतीत काम होईल. काय करू?

मालवणचो_गाबीत
माका पण होच त्रास होतो. दादा, आधी बॅटरीच्या टर्मिनलवर बघा, हाताने पिळायचे पंखवाले नट असतील तर आजच काढून टाका, लाटांच्या हादऱ्याने ते ढिले होतात. साधे नायलॉकवाले (आत नायलॉनची रिंग असलेले, ढिले न होणारे) नट लावा आणि पान्याने आवळा. टर्मिनल पॉलिश पेपरने घासा, नट आवळून झाले की वरून व्हॅसलिन. बऱ्याच वेळा एवढ्यातच काम होतं.

ईटीओ_निवृत्त
बावीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, त्या अनुभवावरून सांगतो, तीन सेल्फ जळाले म्हणजे सेल्फमध्ये दोष नाही, त्याला करंट पोचवणारी वाट खराब आहे. चौथा लावलात तर चौथाही जळेल.

कारण समजून घ्या. असं इंजिन फिरवताना सेल्फ १५० ते २०० अँपिअर खेचतो. वाटेत कुठेतरी गंजलेला सांधा असेल आणि त्याचा रेझिस्टन्स फक्त ०.०१ ओहम असेल तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात. मग सेल्फ हळू फिरतो, त्यामुळे तेवढंच काम करायला तो जास्त वेळ मोठा करंट घेत राहतो आणि वाइंडिंग तापतं. सोलेनॉइडचं (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) पण तेच, कमी व्होल्टेजवर त्याचे काँटॅक्ट कटकट उघडमीट करतात, ठिणग्या पडतात आणि एक दिवस चिकटून बसतात.

तुमचं १२.६ चं रीडिंग बॅटरी चार्ज आहे एवढंच सांगतं. लोड नसताना सडलेल्या केबलच्या एका शाबूत तारेतून पण पूर्ण १२.६ दिसतात, नळ बंद असताना पाइपात कचरा असला तरी प्रेशर पूर्ण येतं तसं. मोजायचं ते सेल्फ फिरत असताना.

गेलेला सेल्फ जड का होईना फिरत असेल तर त्याच्यावरच करा, नाहीतर तात्पुरता दुसरा लावा. आधी इंजिनचा डबा उघडून पेट्रोलचा वास नाही ना बघा, ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा. कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनला अर्थ करा म्हणजे इंजिन लागणार नाही. मग एकाने चावी धरायची, दुसऱ्याने मीटर, एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये दोन मिनिटं थंड होऊ द्यायचं. मीटर डीसी व्होल्टवर. पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खांबांवर, क्लॅम्पवर नाही, खांबावरच. दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर. दोन्हींत जेवढा फरक तेवढं वाटेत हरवतंय. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं सेल्फच्या बोल्टवर ठेवा, ०.५ च्या आत यायला हवं. तसंच बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, तिथे ०.२ च्या आसपास. सगळे अर्थिंगची बाजू विसरतात आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त वेळा घोळ तिथेच असतो.

दांडा हलवला की लागतो, तो वेगळा फॉल्ट. मर्क्रूझर (बोटीच्या इंजिनांची कंपनी) टाइप वायरिंग असेल तर चावीची पिवळी-लाल वायर थ्रॉटल बॉक्समधल्या न्यूट्रल स्विचमधून जाते, जो गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागू देतो, मग मोठ्या गोल प्लगमधून इंजिनवरच्या छोट्या सोलेनॉइडला आणि तिथून सेल्फला. तो स्विच आणि प्लगच्या पिना बघा. पिन हिरवी दिसली तर गंजली समजून जा.

कुवेतकर_माणगावचा
वरचं सगळं बरोबर, पण मला फक्त त्या गाडीच्या सेल्फबद्दल बोलायचंय आणि हे कृपया गंभीरपणे घ्या. गाडीचा सेल्फ अजिबात लावू नका. दिसायला सारखा असतो, बोल्ट पण बसतात, पण बोटीचा सेल्फ अशा रीतीने बंद केलेला असतो की आतल्या कार्बनच्या (ब्रशच्या) ठिणगीने बाहेरची पेट्रोलची वाफ पेटू नये. गाडीत इंजिन खालून उघडं असतं, वाफ निघून जाते. बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड म्हणून तळाला साचते, आणि सेल्फ बसवलेला असतो तिथेच खाली. डायनामो, डिस्ट्रिब्युटर, फ्युएल पंप सगळ्यांना हाच नियम. आणि तो पहिला सेल्फ रिवाइंड करताना सील परत बसवले होते का, हे पण विचारा, लोकल दुकानात जाळी आणि रबर बरेचदा फेकून देतात. तुमच्या बोटीत लहान मुलं बसतात म्हणून एवढं लिहिलं.

अजून एक. तापल्यावर अडकतो म्हणताय तर स्पार्क प्लग काढून एकदा हाताने इंजिन फिरवून बघा. खाऱ्या पाण्यातले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजून भोक पडलं की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, आणि पाणी दाबलं जात नाही, मग सेल्फ तिथेच अडतो आणि जळतो. माझ्याकडे इथे तेच निघालं होतं, मी पण आधी वायरिंगच बघत बसलो होतो.

रेवदंडा_खाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. गाडीच्या सेल्फचा विषय बंद. प्लग काढून बघितले, सहाही कोरडे आणि इंजिन हाताने मोकळं फिरतं, मोठं ओझं उतरलं.

रीडिंग लिहितो. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.९, सेल्फवर ८.१. म्हणजे २.८ वाटेत जातात. प्लसच्या बाजूने १.१, त्यातले ०.७ एकट्या बॅटरी स्विचमध्ये, त्याच्या आतल्या बोल्टपासून बाहेरच्या बोल्टपर्यंत. मायनसच्या बाजूने १.७!! केबल वरून एकदम चांगली दिसते, काळी, जाड, कुठे चीर नाही.

ईटीओ_निवृत्त
शाब्बास, आता आकडेच बोलतायत. त्या मायनस केबलच्या थिंबलपासून (टोकाला दाबलेली बोल्टची कडी) दोन इंच मागे इन्सुलेशन कापून बघा. आधीच्या कोणीतरी वेल्डिंगची केबल वापरली असेल असा माझा अंदाज आहे. ती बारीक साध्या तांब्याच्या तारांची असते आणि खारं पाणी कंदिलाच्या वातीसारखं आत खेचते. नवीन घेताना कथील चढवलेली मरीन केबल घ्या, तुमच्या लांबीला ५० स्क्वेअर एमएम, आणि थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. नुसत्या सोल्डरवर ठेवू नका, सोल्डर जिथे संपतो तिथे तारा कडक होऊन हादऱ्याने तुटतात. वरून गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). इंजिनवरचा अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग खरवडून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा. बॅटरी स्विच बदलाच, आणि नवीन लावल्यावर इंजिन चालू असताना तो कधी ऑफवर नेऊ नका, डायनामोचे डायोड उडतात.

रेवदंडा_खाडी
बारा दिवसांनी येतोय, सामान मुंबईहून यायला वेळ लागला. केबल कापली, आतून सगळ्या तारा काळ्या, बोटाने चोळल्या तर भुगा पडत होता, आणि हो, वेल्डिंगचीच होती. फूटभर मागे कापलं तिथे पण काळीच. अर्थच्या बोल्टखाली आधीच्या मालकाने मारलेला रंग तसाच होता, त्या रंगावरच थिंबल बसवलेलं. गोल प्लगमध्ये दोन पिना हिरव्या, साफ केल्या. न्यूट्रल स्विच मात्र घासून ठीक होईना, नवीन टाकला.

सेल्फ मी ठाण्याच्या एका माणसाकडून सीलसकट दुरुस्त करून आणला, समोर बसून सील बसवून घेतले. आता फिरताना बॅटरीवर ११.०, सेल्फवर १०.५. प्लसला ०.३, मायनसला ०.२. आवाजच बदललाय, अर्ध्या सेकंदात इंजिन लागतं. काल भरतीला कोर्लईपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम तिथे तीन वेळा बंद करून तापलेलं इंजिन परत लावलं, तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात. त्या नाखवाला धक्क्यावर भेटलो, त्याच्या होडीच्या बॅटरीला पण पंखवाले नटच होते, बदलून दिले.