मयताच्या सीनवर हसू येणं

तुम्ही म्हणताय की त्या नाटकातल्या मयताच्या सीनला लोक हसले ते खटकलं, मला तसं नाही वाटलं. मी बघितलं तेव्हा जेमतेम साठ-सत्तर खुर्च्या असतील, मी दुसऱ्या रांगेत, आणि ते दोघं भाऊ बापाच्या प्रेताशेजारी बसून त्याच्या घड्याळावरून भांडतायत, धाकट्याने हळूच मनगटावरचा पट्टा सोडवला तर त्या बक्कलचा आवाजसुद्धा ऐकू आला, सगळे फुटले हसून, आणि मग थोरला ते घड्याळ कानाला लावून नुसता उभा राहिला तेव्हा अख्खं थेटर चिडीचूप. मोठ्या हॉलमध्ये हे मागपर्यंत पोचलंच नसतं हो. आणि दोघांपैकी एकानेही हशा मागितला नाही, अगदी जीव तोडून भांडत होते, डार्क कॉमेडीत, म्हणजे मरणासारख्या गंभीर गोष्टीवरच्या विनोदात, सगळं त्यावरच असतं. कसं बसवलंय त्यावर किती फरक पडतो बघा, इंग्रज नाटककार जो ऑर्टनचं 'लूट' हे नाटक, ज्यात शवपेटीत चोरीचे पैसे लपवतात, ते १९६५ला दौऱ्यावर साफ पडलं होतं आणि १९६६ला लंडनमध्ये नव्याने बसवल्यावर तुफान चाललं. तुम्ही परत एकदा बघाच, पण यावेळी पुढे बसून.