शिक्षकांना शिकवायचं कोणी? हॉलमधल्या तज्ज्ञाने की शेजारच्या वर्गातल्या बाईंनी?

खडूची पूड (हडपसर)

गेल्या शनिवारी एका प्रशिक्षणाला जाऊन आले. कुठल्या ते सोडा. दहाला सही, मग टाळ्या वाजवायचा खेळ, मग ‘कृतियुक्त अध्यापन’ या विषयावर अडीच तास भाषण. त्यातली कृती एकच, ऐकणे. अभिप्रायाचे फॉर्म जेवणाआधीच भरून घेतले, म्हणजे दुपारचं सत्र कसं झालं ते आम्ही सकाळीच लिहून दिलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं, तेही स्वतःच्या आवडीनुसार. ३५ मिनिटांच्या तासिकेत मोजलं तर जवळपास ८६ तासिका झाल्या. आवडीचं मला तरी कोणी विचारलेलं नाही.

आता माझं खरं प्रशिक्षण सांगते. सहावीला अपूर्णांकांची बेरीज चालू होती. आमच्या मराठीच्या बाईंना वह्या तपासायला जागा हवी होती म्हणून त्या माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “अगं, तू प्रश्न विचारलास की खिडकीजवळचे चौघंच बोलतात. आणि माझ्या शेजारच्याने १/२ + १/३ = २/५ लिहिलं होतं. तू फळ्यावर उत्तर लिहिल्यावर त्याने ते खोडून ५/६ केलं.” एकवीस वर्षं मी ती खोडलेली वही बघून बरोबरची खूण करत आले.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या वाटल्या. घड्या घालून मुलांनी २/५ आणि १/२ शेजारी ठेवले. तोच मुलगा म्हणाला, “बाई, अर्ध्यात मिळवलं आणि अर्ध्याहून कमी कसं झालं?”

माझं म्हणणं एवढंच, की शिक्षकांच्या शिकण्याचं नेतृत्व मुख्याध्यापकांनी करावं, आणि ते भाषण देऊन नव्हे. आठवड्याला दोन शिक्षकांची एक तासिका जुळवून द्यावी. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मागे बसून मुलांकडे बघायचं.

निवृत्तीला दोन वर्षं

बाई, तुमचा ऑफ तास मी जुळवून देतो. सकाळी पावणेआठला दोन शिक्षकांचे फोन येतात, एकाला ताप, एकाच्या घरी लग्न. तो ऑफ तास बदली तास होतो. मग तुम्हीच स्टाफरूममध्ये माझ्या नावाने खडे फोडता.

मी मुख्याध्यापक आहे. सकाळी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, मग यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायची, मग आधार जुळत नाही म्हणून आलेले पालक. वर्गनिरीक्षण करतो, नाही असं नाही. लॉगबुकात शेरा असतो: ‘फलकलेखन सुवाच्य. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा.’ तीस वर्षांपूर्वी माझ्या मुख्याध्यापकांनी माझ्या लॉगबुकात हेच लिहिलं होतं, मी तोच शेरा पुढे चालवतोय.

तेव्हा तज्ज्ञांना बोलवा, एका दिवसात शंभर जणांचं होऊन जातं. निदान हिशेब तरी लागतो.

खडूची पूड

सर, हिशेब लागतो हे मान्य, पण कशाचा? सह्यांचा.

अजून_कायम_नाही

मी शिक्षणसेवक. माध्यमिकला, अठरा हजारांवर. (जानेवारी २०२३ पर्यंत आठ हजारच होते, त्यामुळे तक्रार नाही.) कायम व्हायला लागणारी तीन वर्षं अजून पूर्ण व्हायची आहेत.

ताई, तुमच्या मागच्या बाकावर मराठीच्या बाई होत्या. माझ्या वर्गात मुख्याध्यापक वही घेऊन बसले की मी शिकवत नाही, नाटक करतो. आदल्या दिवशी मुलांना सांगून ठेवतो, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. हसू नका, असे करणारे आमच्याकडे तिघं आहेत.

हॉलमधलं भाषण कंटाळवाणं असेल, पण तिथे माझी नोकरी जात नाही. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल त्यानेच मला शिकायला मदत करायची, हे गणित मला तरी सुटत नाही.

खडूची पूड

हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, मी कायम आहे म्हणून असेल. मग मी माझं म्हणणं बदलते. मुख्याध्यापकांनी मागे बसू नये. आधी स्वतःचा एक तास आम्हाला बघू द्यावा. आणि बघणाऱ्याने शिक्षकाबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. एक मूल निवडायचं, ३५ मिनिटांत त्याने काय केलं तेवढंच टिपायचं.

साधनव्यक्ती, पण माणूसच

हॉलमध्ये पीपीटी दाखवणारा तो मीच, असं समजा. दोन शब्द माझेही.

साताऱ्याचं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालचा शाळांचा गट) आठवतंय? २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे जात होत्या. मीही पुण्याहून एका गटाबरोबर गेलो होतो. म्हणजे तुम्ही म्हणता तेच, शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग बघायचा. परत आल्यावर आमच्या तालुक्यात काय झालं? तिथल्यासारख्या फरश्या रंगल्या. मूल जमिनीवर बसून स्वतः मांडणी करतं, त्यामागे काय विचार आहे हे थोड्यांनीच विचारलं. बाकीच्यांनी ऑइलपेंटचे डबे आणले. नुसतं बघून डोळ्यांना दिसतं तेवढंच उचललं जातं.

दुसरं म्हणजे, तुमच्या मराठीच्या बाईंनी २/५ पाहिलं हे चांगलंच. पण मूल तसं का करतं, अंश आणि छेद त्याला दोन सुट्या संख्या का वाटतात, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून पट्ट्या सुचल्या. ज्या शाळेत हे कोणालाच माहीत नाही तिथे दोघांनी एकमेकांना बघून काय होणार? आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होईल.

जपानात शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, मग चर्चा. ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात त्याला, शंभराहून अधिक वर्षांची प्रथा आहे. तिथेही चर्चेच्या शेवटी बोलायला अनेकदा बाहेरचा जाणकार बोलावतात. आधी बघणं आणि शेवटी तज्ज्ञ. आपण फक्त शेवटापासून सुरुवात करतो, इतकंच.

निवृत्तीला दोन वर्षं

जपानात तांदूळ कोण मोजतं?

वाडीवरचा मास्तर

वेल्ह्यातून लिहितोय (आता राजगड तालुका म्हणायचं). द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट एकोणीस. दुसरे गुरुजी मीटिंगला गेले की शाळा एकशिक्षकी.

तुमची सगळी चर्चा शहरी आहे, रागावू नका. मी कोणाच्या मागच्या बाकावर बसू? बाकच नाहीत. तुम्ही ज्याची टिंगल करताय ती आमच्या केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद हाच माझा महिन्यातला एक दिवस, जेव्हा मला दुसऱ्या शाळेतला शिक्षक भेटतो. चहाच्या वेळी एका ताईंनी सांगितलं, पहिलीची मुलं ‘मका’ वाचतात पण ‘काम’ला अडतात, तर अक्षरकार्डं उलटसुलट लावून बघा. परिषदेचा विषय वेगळाच होता. म्हणून हॉल बंद करू नका. भाषण अर्धं करा आणि चहा मोठा करा.

अजून_कायम_नाही

मास्तर, शेजारच्या वाडीतल्या शाळेत जाता येत नाही?

वाडीवरचा मास्तर

आठ किलोमीटर आहे, मोटारसायकलवर वीस मिनिटं. अडचण अंतराची नाही. शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून ठरवलं, आपली सुटली की त्यांच्याकडे जायचं. पोचलो तर त्यांचीही सुटलेली. गुरुजी कुलूप लावत होते.

मग मी रीतसर अर्ज केला, महिन्यात एक दिवस त्यांचा वर्ग बघायला जाऊ द्या. साहेबांनी नाही म्हटलं नाही, चांगला माणूस आहे. अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “जा की. पण हालचाल रजिस्टरला प्रशिक्षणाचं नाव काय लिहू?”