दुसरा राउटर लावल्यापासून खालचं नेटही जातंय

दांडियाबाजार_वाडा
नमस्कार. आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. जुनं, लांबट, भिंती विटा-चुन्याच्या आणि हातभर जाड. फायबरचा राउटर पुढच्या खोलीत आहे. सासूबाईंची खोली वर, अगदी मागे. तिथे वायफाय नीट पोचत नाही. पुण्याच्या मावशींशी त्यांचा रोजचा व्हिडिओ कॉल असतो, तो मध्येच अडकतो आणि मग बिचाऱ्या फोन घेऊन जिन्यात येऊन बसतात. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून दुसरा राउटर आणला.

जिन्याच्या कडेने कॅट-५ई केबल ओढली. बसवायला आलेल्या मुलाने ती आधी नव्या राउटरच्या निळ्या पोर्टात (बाहेरून नेट आत घेण्याच्या) घातली, तर 'कनेक्टेड, इंटरनेट नाही'. मग पिवळ्यात (घरातली उपकरणं जोडण्याच्या) घातली, नेट सुरू झालं आणि तो गेला. तेव्हापासून कोणाचा फोन चालतो, कोणाचा नाही. वायफाय बंद-चालू केलं की कधी चालू होतं, कधी नाही. यांच्या लॅपटॉपवर 'आयपी अॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' असं येतं. खालचा प्रिंटर वरून दिसेनासा झालाय. नव्या राउटरचा प्लग काढला की सगळं ठीक. दोन्ही राउटरखालच्या स्टिकरवर पत्ता १९२.१६८.१.१ असाच आहे. याने काही बिघडतं का?

रावपुरा_नेटवर्क
ताई, सगळा घोळ त्या स्टिकरवरच आहे. एकाच पोळात, म्हणजे गल्लीत, दोन घरांना एकच नंबर दिला तर टपाल कुठे जाईल? तसं झालंय. शिवाय दोन्ही राउटर आपापल्या मनाने फोनना पत्ते वाटतायत. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात, आणि एका घरात वाटणारा एकच हवा. दोघांनी दोन उपकरणांना एकच पत्ता दिला की लॅपटॉप तक्रार करतो.

खात्री करायची तर नेट अडलेलं असताना लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी', जागा सोडून 'डॅश ए' टाइप करा. १९२.१६८.१.१ समोरचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा वेगळा क्रमांक, लिहून ठेवा. नेट सुरू झाल्यावर परत बघा. तो बदललेला दिसला तर एकाच पत्त्यावर दोन राउटर आहेत.

उपाय सोपा आहे. नव्या राउटरमधली खालून आलेली केबल काढा, लॅपटॉप फक्त त्यालाच जोडा आणि सेटिंग उघडा. लॅन, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या भागात, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करून सेव्ह करा. आता पान १.१ वर उघडणार नाही, १.२ वर उघडा. बरेच जण इथे घाबरून रिसेट दाबतात आणि केलेलं सगळं पुसलं जातं. मग डीएचसीपी बंद करा. केबल पुन्हा पिवळ्याच पोर्टात, निळा रिकामा. खालच्या राउटरमध्ये वाटपाची सुरुवात १९२.१६८.१.१०० पासून ठेवा, म्हणजे १.२ दुसऱ्या कोणाला जाणार नाही. शेवटी सगळी उपकरणं एकदा बंद करून चालू करा, जुने पत्ते सुटतील.

लष्कर_ग्वाल्हेर
एवढं कशाला? नव्या राउटरला १९२.१६८.२.१ द्या आणि केबल निळ्यात घाला. आमच्याकडे तसंच चालू आहे.

रावपुरा_नेटवर्क
काका, नेट चालेल, नाही म्हणत नाही. पण वरची मंडळी वेगळ्या जाळ्यात जातील. फोन प्रिंटरला आपल्याच जाळ्यात हाका मारून शोधतो, ती हाक खाली पोचत नाही. ताईंना प्रिंटर हवाय, म्हणून माझं मत पिवळ्या पोर्टाचंच.

दांडियाबाजार_वाडा
दादा, तुम्ही सांगितलंत तसंच निघालं. त्याच १.१ समोर एकदा मॅक पत्त्याचा शेवट ४एफ, नंतर सी२. ४एफ खालच्या स्टिकरवर आहे, सी२ वरच्या. सगळं बदललं. लॅपटॉपची तक्रार थांबली, प्रिंटर वरून छापतोय. मनापासून आभार.

एक राहिलंय. सासूबाई खालून वर गेल्या की त्यांचा फोन खालचंच वायफाय धरून बसतो. एक काडी उरली तरी सोडत नाही. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच दिलाय.

रावपुरा_नेटवर्क
कोणतं वायफाय सोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. नाव-पासवर्ड एक ठेवलंत ते बरोबरच. आता खालच्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नलची ताकद, 'मीडियम' करा, म्हणजे मागे जाईपर्यंत तो पुरेसा मंद होईल. खाली चॅनेल १ आणि वर ११ ठेवा, 'ऑटो' नको. १, ६ आणि ११ हे एकमेकांवर चढत नाहीत, आणि तुमच्याकडे भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत, त्यांचीही वायफाय असणारच. सासूबाईंच्या खोलीतच बसून कॉल करायचा असेल तर त्यांच्या फोनला ५ गिगाहर्ट्झ द्या. ते जाड भिंतीतून फार जात नाही, पण राउटर खोलीतच असल्यावर तेच उत्तम.

दांडियाबाजार_वाडा
पॉवर मीडियम केली, चॅनेलही बदलले. आत्ता मावशींचा कॉल चालू आहे, वरूनच, पलंगावर बसून. ५ गिगाहर्ट्झचं उद्या बघते.