मदत हवी आहे: सोळाव्या वर्षी रात्री घरी परतण्याची वेळ किती असावी?

आम्ही लातूरला राहतो. अकरावीतला आमचा मुलगा नीटच्या शिकवणीनंतर अभ्यासिकेत बसतो आणि रात्री ११ वाजता पायी घरी येतो. साडेनऊची मर्यादा घालून पाहिली, परंतु दोन खोल्यांच्या घरात त्याचा अभ्यास होईना. महिनाभर त्याचे वडील आणायला गेले, मात्र आता त्यांना रात्रपाळी आहे. दुचाकी देणार नाही, कारण या वयात गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचाच परवाना मिळतो आणि नियम मोडल्यास पालकांना २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलावर पूर्ण विश्वास आहे. काळजी आहे ती सुनसान रस्त्याची. धाकट्या मुलीलाही पुढे हाच नियम लावायचा आहे. अशा परिस्थितीत आपण कोणती वेळ ठरवली आणि मुलांना ती कशी पटवून दिली?